मावशीला सिनेमा कळत नाही म्हणे!

ताई,

मी सिनेमाची जाणकार वगैरे नाही. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता, कधी रात्री झोप येईपर्यंत, जे समोर येईल ते बघते आणि जे वाटलं ते बोलून टाकते. माझा भाचा मात्र सिनेमावेडा. ‘मावशी, हे बघितल्याशिवाय बोलू नकोस,’ म्हणून त्याने मला एक यादीच दिली. बघितली सगळी. ‘ब्लेड रनर’मध्ये मला झोप लागली, सगळं भव्य, पण त्यातल्या माणसांचं काही वाटेना. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या त्या रात्रीच्या मोठ्या लढाईत काळोखाशिवाय काही दिसलं नाही. ‘साइनफेल्ड’ पहिल्याच भागात सोडली. ‘12 अँग्री मेन’ चांगला आहे, पण शेवटी शेवटी जीव घुसमटला. म्हणून मी म्हणाले की खोली फारच लहान घेतलीय, जरा मोठी घ्यायची. त्यावर भाचा इतका हसला की विचारू नका. ‘तुला सिनेमा कळत नाही, तू नुसती बघतेस,’ म्हणाला. वर मोबाइलवर कसली तरी टक्केवारी काढून दाखवतो. गेल्या शुक्रवारी एक नवी मालिका आली, पंचावन्न-पंचावन्न मिनिटांचे आठ भाग. याने रात्री अकराला सुरू केली, पहाटे चारला संपवली आणि सकाळी मला त्यावर व्याख्यान दिलं. मी मात्र चार दिवसांत तीन भागांपर्यंत पोचले होते. आता मी मत द्यायचंच सोडलंय. कोणी विचारलं तर ‘छान आहे’ म्हणते आणि विषय बदलते. पण मनाला लागलंय. मला बोलायचा अधिकार आहे की नाही?

– नुसती बघणारी

*

अहो, तुमचं पत्र वाचताना खोलीच्या वाक्याशी मी थांबले आणि मोठ्याने हसले. भाचा हसला त्या कारणाने नव्हे हं. त्या एका वाक्यात तुम्ही जे पकडलंय, ते तुमच्या यादीवाल्या भाच्याच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय. नाहीतर तो हसला नसता.

‘12 अँग्री मेन’ हा दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा 1957 सालचा सिनेमा. 96 मिनिटांचा, आणि जवळजवळ सगळा एकाच बंद खोलीत: खटल्याचा निकाल ठरवायला बसवलेले बारा सामान्य नागरिक, म्हणजे ज्युरी, एक लांब टेबल आणि अंगाची काहिली करणारा उकाडा. एवढ्याशा जागेत दीड तास प्रेक्षकाला धरून ठेवायचं कसं, हा ल्युमेटपुढचा प्रश्न. त्याने खोली मोठी भासवायची खटपट केलीच नाही. ती तासागणिक आक्रसत जाईल अशी सोय केली. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे आणि भिंगं रुंद कोनाची. त्यामुळे माणसामाणसांत अंतर दिसतं, हवा खेळती वाटते. मधल्या टप्प्यात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला येतो. शेवटच्या टप्प्यात तो आणखी खाली उतरतो आणि भिंगं लांब पल्ल्याची होतात. अशा भिंगातून बघितलं की मागची भिंत माणसाच्या पाठीला येऊन टेकल्यासारखी दिसते, आणि कॅमेरा खाली असल्यामुळे डोक्यावरचं छतही चौकटीत येतं. टेबल तेच, भिंती तिथेच, पण जागा संपत चाललीय. मग निकाल लागतो, माणसं बाहेर पडतात, आणि ते शेवटचं दृश्य पुन्हा रुंद भिंगातून घेतलंय, बघणाऱ्याने सुटल्याचा श्वास घ्यावा म्हणून. यातलं काहीही माझं संशोधन नाही, ल्युमेटने स्वतःच नंतर हे लिहून ठेवलंय.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. जीव घुसमटला, हे खरं. शेवटी शेवटी घुसमटला, हे तर अचूकच; दिग्दर्शकाने नेमक्या ज्या टप्प्यावर आवळायला घेतलं तिथेच तुम्हाला आवळलं. चुकलं ते फक्त पुढचं: खोली लहान घेतलीय. खोली पहिल्या मिनिटाला होती तेवढीच होती.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या मतांची गत ही अशीच आहे, म्हणून इतकं लांबण लावलं. वाटलेलं खरं, त्याला चिकटवलेलं कारण डळमळीत. जे वाटलं त्यावर भाच्याचाच काय, कोणाचाच अधिकार चालत नाही. वाद घालायचाच तर ‘का वाटलं’ यावर घालावा, आणि तिथे तुमच्याआमच्यापासून पट्टीच्या समीक्षकांपर्यंत सगळेच ठेचकाळतात.

हे काही आजचं नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने केलेला प्रयोग सिनेमा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. एका नामवंत नटाच्या कोऱ्या, काहीही भाव नसलेल्या चेहऱ्याचा एक तुकडा घेतला. तो एकदा सूपच्या भांड्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. बघणारे म्हणाले, वा, काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय! चेहरा तोच होता. प्रेक्षकांना जे वाटलं ते खोटं नव्हतं, त्यांना खरंच गलबलून आलं होतं. श्रेय मात्र नटाला गेलं आणि काम केलं होतं कात्रीने. आपण ‘काय अभिनय केलाय’ म्हणतो तेव्हा त्यातला किती वाटा संकलकाचा, किती पार्श्वसंगीताचा, आणि डब केलेली मालिका असेल तर किती त्या दुसऱ्याच आवाजाचा, हे खुर्चीत बसून सांगता येत नाही. तेव्हा कारण चुकलं म्हणून तोंड बंद करून बसायची काही गरज नाही.

आता तो काळोख. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, आणि तुम्ही एकट्या नाही. एप्रिल 2019 मध्ये ‘द लाँग नाइट’ हा 82 मिनिटांचा भाग आला तेव्हा जगभरातून हीच ओरड झाली. छायालेखक फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं पडलं की लोकांना आपले टीव्ही नीट लावता येत नाहीत, अडचण बरीचशी तिथे आहे. हे ऐकून मीही तेव्हा चिडले होते. घरी बसून बघायची मालिका तुम्ही काढणार आणि दिसली नाही की घरच्यांचा दोष! पण राग ओसरल्यावर मान्य करावं लागतं की त्यात तथ्य आहे. ते दृश्य अंधाऱ्या खोलीत, उत्तम पडद्यावर तपासलेलं असतं. आपल्याकडे ते इंटरनेटवरून दाबून, चेपून येतं. या चेपाचेपीत सर्वांत आधी बळी जातो तो गडद छटांचा, काळ्या रंगाचे चौकोनी ठिगळ दिसायला लागतात. त्यातून तुम्ही घड्या घालताय म्हणजे खोलीतला दिवा चालू. त्याचा उजेड पडद्यावर. दिसणार काय, कपाळ?

टीव्हीच्या बाबतीत मी स्वतः जी माती खाल्लीय ती सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवा टीव्ही आला. पहिल्या रात्री हौसेने माझा एक लाडका जुना सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात माझं तोंड उतरलं. सगळं कसं गुळगुळीत, लगबगीचं. नेपथ्य पुठ्ठ्याचं वाटायला लागलं, नट तालमीला उभे राहिल्यासारखे. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन करून मी ठणकावून सांगितलं की सिनेमा काही काळाच्या कसोटीवर टिकला नाही. हे शब्द वापरले बरं मी, ‘काळाच्या कसोटीवर’! आठवडाभर हे मत मी वाटत फिरले. मग मुलीने रिमोट घेतला, ‘पिक्चर’मध्ये शिरली, तिथून ‘मोशन’ असं काहीसं लिहिलेल्या ठिकाणी गेली आणि एक पट्टी ओढून शून्यावर आणली. माझा सिनेमा परत आला. काळाने काही केलं नव्हतं, पट्टीने केलं होतं.

भानगड अशी की सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि आजचे टीव्ही सेकंदाला साठ किंवा एकशेवीस वेळा पडदा ताजा करतात. मधली रिकामी जागा भरायला टीव्ही स्वतःच्या मनाने नसलेली चित्रं तयार करून घुसवतो. खेळांचे सामने बघायला ते बरं. पण व्हिडिओवर चित्रित होणाऱ्या रोजच्या मालिका वर्षानुवर्षं अशाच गुळगुळीत हालचालीत बघितल्यामुळे आपल्या डोळ्यांना ते ‘मालिका’ म्हणूनच ओळखता येतं, आणि कसलाही भारी सिनेमा स्वस्तातला वाटायला लागतो. याला नावच ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ असं पडलंय. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरीला शेजारी उभं करून एक व्हिडिओ काढला आणि लोकांना हात जोडून सांगितलं की बाबांनो, हे बंद करा. पुढच्या वर्षी टीव्ही कंपन्यांनी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, तो एका बटणात हे उद्योग थांबवतो. तुमच्या टीव्हीत असेल तर लावून बघा, दिवा मालवा आणि ती लढाई पुन्हा वीस मिनिटं बघा. तरी काही दिसलं नाही तर भाच्याला खुशाल सांगा की मला दिसलं नाही. दाखवणं हे त्यांचं काम होतं.

‘ब्लेड रनर’ची गोष्ट मजेशीर आहे. कारण तुम्ही जे म्हणालात, भव्य आहे पण माणसांचं काही वाटत नाही, जवळपास तेच 1982 मध्ये रॉजर ईबर्ट म्हणाले होते. समीक्षेसाठी पुलित्झर पुरस्कार मिळवणारे ते पहिले चित्रपट समीक्षक. दृश्यांची त्यांनी तारीफ केली, पण माणसांची गोष्ट पातळ आहे, असं लिहिलं. पंचवीस वर्षांनी त्यांनीच तो सिनेमा आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत घेतला. मावशीला कळत नसेल तर 1982 मध्ये ईबर्टनाही कळत नव्हतं, असं भाच्याला सांगायला हरकत नाही. मात्र लगेच दुसरंही सांगा, की माणूस मत बदलतो आणि त्यात कमीपणा नसतो.

आणि एक विचारते, तुम्ही कोणता ‘ब्लेड रनर’ बघितलात? प्रश्न विचित्र वाटेल. पण प्रदर्शनाआधी काही प्रेक्षकांना तो दाखवला तेव्हा त्यांच्या डोक्यावरून गेला, म्हणून निर्मात्यांनी घाबरून नायक हॅरिसन फोर्डच्या आवाजात निवेदन घातलं आणि शेवट गोड केला. त्या गोड शेवटातली डोंगरांची हवाई दृश्यं तर स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी घेतलेली, न वापरलेली, मागून आणलेली! 1992 मध्ये निवेदन आणि तो शेवट दोन्ही काढलेली आवृत्ती आली, 2007 मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉटने आपल्या मनासारखी शेवटची केली. म्हणजे एकाच नावाखाली लोक वेगवेगळे सिनेमे बघून एकमेकांशी भांडत असतात. भाचा आणि तुम्ही एकच बघितलाय का, ते आधी ठरवा. बाकी झोपेचं म्हणाल, तर दिवसभर राबून रात्री दहाला संथ सिनेमा लावला की लागते झोप. ते सिनेमाबद्दलचं मत नव्हे, तुमच्या दिवसाबद्दलचं आहे. एखाद्या सुट्टीच्या सकाळी पहिला अर्धा तास बघा. पुन्हा डोळे मिटले तर सोडून द्या, परीक्षा थोडीच आहे.

‘साइनफेल्ड’ पहिल्या भागात सोडलीत त्याबद्दल मी रागावणार नाही. 1989 मध्ये वाहिनीने तो पहिला भाग निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा अहवालात शेरा पडला होता, ‘कमकुवत’. पुढे तीच मालिका नऊ सीझन चालली. गंमत म्हणजे ज्या पात्रांसाठी लोक ती मालिका डोक्यावर घेतात त्यातली एलेन त्या पहिल्या भागात नाहीच, आणि क्रेमरचं नावही वेगळं आहे. तुम्ही जी सोडलीत ती मालिका अजून झालेलीच नव्हती. विनोदी मालिकेला मी तीन-चार भाग देते, कारण माणसं ओळखीची झाल्याशिवाय त्यांचं हसू येत नाही. सोडलीत तर सोडलीत. फक्त बोलताना ‘पहिला भाग बघून सोडली’ म्हणा, ‘मालिका भिकार आहे’ म्हणू नका. एवढी काटेकोर राहिलात तर भाच्याला पकडायला जागाच राहणार नाही.

आता त्याची ती टक्केवारी. ‘रॉटन टोमॅटोज’ची असणार. लोकांचा समज असतो की 95 टक्के म्हणजे सिनेमाला शंभरात 95 गुण. तसं नाही ते. प्रत्येक समीक्षकाने सिनेमा बरा म्हटला की नाही एवढंच मोजतात, आणि ‘बरा’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे ती टक्केवारी. दहा जणांनी नाक न मुरडता ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तर शंभर टक्के. सात जण अक्षरशः वेडे झाले आणि तिघांनी शिव्या घातल्या तर सत्तर. जो सिनेमा कोणाला तरी आतून हलवतो त्याच्या नशिबी बऱ्याचदा हे सत्तरच येतात. भाचा पुढच्या वेळी मोबाइल पुढे करेल तेव्हा त्याला विचारा, ‘यातल्या किती जणांना फार आवडला?’ त्या आकड्यात याचं उत्तर नाही.

तुमच्याबद्दल माझी खरी तक्रार दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे त्या घड्या. घरगुती मालिका घड्या घालत बघता येते, कारण ती तशीच लिहिलेली असते. प्रत्येक गोष्ट कोणीतरी बोलून दाखवतं, तीही दोनदा. पण ज्या सिनेमात नजरेने, दारातल्या सावलीने काही सांगितलंय, तिथे टॉवेलकडे बघितलंत तेवढ्यात ते निघून गेलेलं असतं, आणि मग ‘हिने असं का केलं?’ हा प्रश्न पडतो. त्यातून खालची अक्षरं वाचायची असली तर घड्या आणि सिनेमा, दोन्ही बिघडणार. तेव्हा निदान बोलताना तेही सांगून टाका: ‘अर्धं लक्ष होतं, पण मला असं वाटलं.’ अशा मताला वजन येतं.

दुसरी तक्रार ‘छान आहे’ म्हणून विषय बदलण्याची. हे मात्र बंद करा. ‘छान’ आणि ‘बोअर’ या शब्दांनी समोरच्याला काहीही कळत नाही. ‘कुठे?’ याचं उत्तर द्या. कुठे हसू आलं, कुठे मोबाइलकडे हात गेला, कोणता माणूस पडद्यावर आला की बरं वाटत होतं. तुम्हाला ते जमतं, पत्रात केलंयच की. ‘शेवटी शेवटी जीव घुसमटला’, यात कुठे आणि काय, दोन्ही आहे. फक्त खोली मोठी घ्यायची सूचना तेवढी गाळा. रोगी आपण आहोत, दुखतंय कुठे ते सांगावं, औषध त्यांचं त्यांना बघू दे.

पुन्हा पुन्हा बघून अभ्यास केल्याशिवाय बोलू नये असंही भाच्याला वाटत असेल. पॉलीन केल नावाच्या बाई 1968 पासून 1991 पर्यंत ‘द न्यू यॉर्कर’मध्ये सिनेमावर लिहीत होत्या, अमेरिकेतल्या सर्वांत दरारा असलेल्या समीक्षकांपैकी एक. त्या सिनेमा शक्यतो एकदाच बघायच्या. पहिल्या वेळी जे झालं ते झालं, त्यावरच लिहायचं. तुमची रीत त्यांच्याहून फार वेगळी नाही, घड्या सोडल्या तर.

आता शेवटचं, ते शुक्रवारचं. माझी सवय वाईट आहे, आकडे दिसले की मी हिशोब करते. पंचावन्न मिनिटांचे आठ भाग म्हणजे 440 मिनिटं, सात तास वीस मिनिटं. अकरा ते चार होतात पाच तास, 300 मिनिटं. म्हणजे एकतर पोराने तीन भाग गाळले, किंवा वेग वाढवून बघितली. दीडपट वेगाने 440 मिनिटांची होतात साधारण 293, वर सात मिनिटं उरतात ती पाणी प्यायला आणि पाय मोकळे करायला. अगदी चपखल बसतं.

2019 मध्ये नेटफ्लिक्सने हे वेग वाढवायचं बटण तपासायला घेतलं तेव्हा हॉलिवूडमधले काही दिग्दर्शक जाहीरपणे भडकले होते. पुढच्या वर्षी ते तरीही मोबाइलवर आलं. दीडपट वेगात संवाद कळतात, गोष्ट कळते, कोणी कोणाला मारलं तेही कळतं. पण बोलायच्या आधी नट जो थांबतो, तो थांबा जातो. तीन सेकंदांचा दोन होतो. ल्युमेटच्या त्या खोलीतली घुसमट दीडपट वेगाने येईल का, मला शंका आहे.

तेव्हा रविवारी भाचा आला की व्याख्यान सुरू व्हायच्या आधी, अगदी सहज, घडी घालता घालताच विचारा: ‘काय रे, कितीच्या स्पीडने बघितलीस?’ आणि काय म्हणतो ते मला कळवा.